विमानाचं पाप आणि व्हायोलिनच्या तारा

सुट्टी लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी लग्न, नोकरी, सासू. आता परदेशात शिकणारी मुलं घरी आलीयत आणि त्यांना (आणि त्यांच्या आईवडिलांना) लिहायला वेळ मिळालाय. या वेळी योगायोगाने वाद्यं आणि पर्यावरण यांचीच पत्रं जास्त निघाली, म्हणून ती एकत्र घेतेय.

प्रश्न : ताई, मी परदेशात पर्यावरणशास्त्रात मास्टर्स करतेय. एक वर्ष संपलं, दुसरं सुरू व्हायचंय, म्हणून उन्हाळ्यापुरती घरी आलेय. लहानपणापासून व्हायोलिन वाजवते. माझे प्रॉब्लेम असे की आम्ही वर्गात विमानाच्या प्रदूषणावर प्रेझेंटेशनं करतो आणि सुट्टीत मीच उडत घरी येते, एका मुलीने तर तोंडावर विचारलं की खरंच गरज होती का. त्यात बाकी सगळे इंटर्नशिप करतायत आणि मी लोळतेय. मला संगीत आणि सस्टेनेबिलिटी दोन्ही येईल असं काहीतरी करायचंय, पण डोक्यात फक्त 'टाकाऊपासून वाद्य' येतं आणि ते मला सहावीच्या प्रोजेक्टसारखं वाटतं. काय करू?

उत्तर : आधी विमानाचं बघू, कारण ते मनात ठसठसतंय तोवर बाकी काही सुचणार नाही. तू ज्या वर्गात बसतेस तिथे अंदाजावर बोलून चालत नाही, म्हणून हिशोबच करू. विमानाचं एक लिटर इंधन जळलं की साधारण अडीच किलो कार्बन डायऑक्साइड होतो. लांब पल्ल्याच्या इकॉनॉमी सीटला माणशी १०० किलोमीटरमागे ३ लिटरच्या आसपास धर. एका बाजूचं अंतर ७००० किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन ४२० लिटर, म्हणजे एक टन झालाच. यात विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघांचा परिणाम धरलेला नाही, तो वेगळा. जगातल्या सरासरी माणसाचा वर्षाचा हिशोब पाच टनांच्या आत आहे, त्यामुळे त्या मुलीचा प्रश्न उद्धट असला तरी चुकीचा नाही.

पण मग निष्कर्ष काय काढायचा? घरी येऊच नये? मला नाही पटत. आईवडिलांना भेटायला येणं आणि वीकेंडला कुणाच्या तरी लग्नात मिरवायला उडून येणं यांत फरक आहे, आणि तो करता आला पाहिजे. वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस येण्यापेक्षा एकदाच ये आणि भरपूर राहा. थेट फ्लाइट परवडत असेल तर ती घे, कारण चढताना इंधन जास्त जळतं आणि मध्ये उतरून परत चढलं की ते दोनदा होतं. आणि कधी फुकट बिझनेस क्लासचं अपग्रेड मिळालं तर मजेत झोप, सीट तशीही रिकामीच जाणार होती, पण पैसे भरून घेऊ नकोस, त्या रुंद सीटच्या वाट्याला इकॉनॉमीच्या दुपटीतिपटीने धूर येतो. एवढं केलंस की विषय बंद. मग व्हायोलिनची तार बदलताना जुनी तार कुठल्या डब्यात टाकू म्हणून रात्र जागवायची नाही. मला हल्लीच्या मुलांचं हेच कळत नाही, टनाचा अपराध गिळतात आणि ग्रॅमचा चघळत बसतात.

इंटर्नशिपचं : ज्यांना मिळाली त्यांचं अभिनंदन. तू वर्षभर परक्या भाषेत, परक्या थंडीत, स्वतःचं स्वतः करत राहिलीस, तुला लोळायचा हक्क आहे. पहिले पंधरा दिवस तर कुणी विचारलं तरी उत्तर देऊ नकोस.

आता टाकाऊपासून वाद्य. पॅराग्वेत कातेउरा नावाची वस्ती आहे, मोठ्या कचराडेपोला लागून. तिथल्या मुलांसाठी तेलाच्या डब्यांची व्हायोलिनं आणि चेलो बनवली गेली आणि त्यांचा ऑर्केस्ट्रा जगभर वाजला. पण तिथे गरज होती, मुलं शिकायला तयार आणि वाद्यं नाहीत. तुझ्याकडे चांगलं व्हायोलिन आहे. तू डबा वाजवलास तर ते फोटोपुरतं होईल, आणि सहावीचा प्रोजेक्ट वाटतोय म्हणतेस ते बरोबरच वाटतंय.

मी तुला वेगळं सुचवते. तुझ्याकडे अशी एक गोष्ट आहे जी तुझ्या वर्गातल्या बहुतेकांकडे नसेल : तयार कान. तो वापर. बर्नी क्राउस नावाचे अमेरिकन संगीतकार आहेत, सिंथेसायझर वाजवायचे, मग ते सोडून जंगलांचे आवाज रेकॉर्ड करायला लागले. १९८८ मध्ये त्यांनी सिएरा नेवाडा पर्वतातल्या लिंकन मेडो या कुरणापाशी पहाटेचे आवाज टिपले, कारण तिथली निवडक झाडं तोडली जाणार होती आणि लाकूड कंपनीचं म्हणणं होतं की एवढ्याने काही बिघडत नाही. वर्षभराने ते त्याच जागी, त्याच दिवसांत, तशाच हवामानात परत गेले. डोळ्याला सगळं जसंच्या तसं, फोटो काढले असते तर फरक ओळखू आला नसता. रेकॉर्डिंगमध्ये मात्र पक्ष्यांचा गजबजाट जवळजवळ संपलेला, ओढ्याचं पाणी आणि एखादा सुतारपक्षी एवढंच. मला ही गोष्ट फार आवडते कारण इथे संगीत आणि पर्यावरण यांची ओढूनताणून मोट बांधलेली नाही, माणसाला ऐकता येत होतं म्हणूनच ते कळलं.

त्यांचंच म्हणणं आहे की निरोगी जागेत प्रत्येक प्राणी आपली पट्टी आणि आपली वेळ धरून असतो, कीटक एका थरात, बेडूक दुसऱ्यात, पक्षी तिसऱ्यात. आणि शहरातही हे सापडतं. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात २००३ साली दिसून आलं की गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट पक्षी आपल्या गाण्यातले खालचे स्वर वर नेतात, कारण गाड्यांची घरघर नेमकी खालच्या पट्टीत असते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिमण्यांच्या एका जातीचं उलट झालं, रस्ते शांत झाले तशा त्या हळू आवाजात गायला लागल्या आणि खालचे स्वर परत आले.

तर तुझं काम : घराची एक खिडकी किंवा गच्चीचा एक कोपरा ठरव. उजाडायच्या थोडं आधी तिथे फोन ठेव आणि दहा मिनिटं रेकॉर्ड कर. रोज जमलं तर उत्तम, नाहीतर एक दिवसाआड, पण जागा आणि वेळ तीच. फोन एअरप्लेन मोडवर टाक नाहीतर नेमका भारद्वाज बोलायला लागला की मेसेजची टिंग वाजते. फाइल वाव्ह फॉरमॅटमध्ये ठेव, एमपीथ्रीत वरचे बारीक स्वर कापले जातात आणि कीटक नेमके तिथेच असतात. अजून एक घोळ असा की फोनचं साधं रेकॉर्डर अ‍ॅप माणसाच्या बोलण्यासाठी ट्यून केलेलं असतं, रातकिड्यांसारखा एकसुरी आवाज त्याला खरखर वाटते आणि ते तो पुसून टाकतं, म्हणून नॉइज रिडक्शन बंद करता येईल असं अ‍ॅप शोध. रेकॉर्डिंग संपताना तोंडाने तारीख, वेळ, ढग आहेत का, वारा आहे का हे बोलून ठेव, महिन्याने यातलं काहीही आठवत नाही. मग ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, उघड. कोण कुठल्या पट्टीत बसलंय ते डोळ्यांना दिसेल, आणि पहिली गाडी सुरू झाली की खालून एक जाड पट्टा कसा चढतो तेही दिसेल. पक्षी ओळखायला कॉर्नेल विद्यापीठाच्या लॅबचं मर्लिन अ‍ॅप आहे, २०२१ पासून ते आवाजावरून नाव सुचवतं, पण ते ठोकूनही देतं, तेव्हा स्वतः ऐकून खात्री कर. चांगली रेकॉर्डिंग निघाली तर झेनो-कँटो या खुल्या संग्रहात टाकता येतात. पुढच्या उन्हाळ्यात आलीस की परत तीच खिडकी.

याचा थीसिस होईल का, सीव्हीवर लिहिता येईल का, ते मला विचारू नकोस. होईल तर होईल.

प्रश्न : नमस्कार ताई, मी गिटार वाजवतो. आजोबांची एक जुनी अकूस्टिक गिटार घरी पडून होती, ती या वेळी परत जाताना सोबत न्यायचीय. मित्र म्हणतो त्यात रोजवूड असेल तर कस्टमवाले जप्त करतात. खरंय का? आणि विमानात लगेजला टाकली तर चालेल का?

उत्तर : मित्राने अर्धवट ऐकलंय. धोक्यात आलेल्या प्राण्या-झाडांच्या व्यापारावर साइट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. रोजवूड म्हणजे डाल्बर्जिया गटातली झाडं (आपला शिसवही त्यातलाच), आणि २ जानेवारी २०१७ पासून हा अख्खा गट कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. खरं कारण फर्निचर होतं, रोजवूडच्या फर्निचरच्या मागणीने जंगलंच्या जंगलं रिकामी होत होती, पण त्या जाळ्यात गिटारवाले आणि क्लॅरिनेटवालेही सापडले आणि कागदपत्रांचा नुसता वैताग झाला. ओरडा झाल्यावर २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना यातून सूट मिळाली. म्हणजे साध्या रोजवूडची गिटार असेल तर निवांत राहा.

ब्राझिलियन रोजवूडला मात्र ही सूट नाही. ते १९९२ पासून पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, आणि जुन्या भारी गिटारींच्या पाठीला अन् बाजूंना हेच लाकूड असायचं. नटला किंवा सॅडलला (तारा टेकतात त्या दोन टोकांच्या पट्ट्या) हस्तिदंत, शोभेला कासवाच्या पाठीचं कवच असेल तरी तेच. तुझी गिटार आजोबांच्या काळातली, म्हणून एकदा वाद्य दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवच. यातलं काही निघालं तर वाद्यांसाठी साइट्सचं प्रवासी प्रमाणपत्र मिळतं, तीन वर्षं चालतं, पण ते निघायच्या आदल्या आठवड्यात मिळणारी गोष्ट नाही. तेव्हा सुट्टीच्या सुरुवातीलाच कामाला लाग, आणि दोन्हीकडच्या देशांचे नियम त्यांच्या सरकारी साइटवर वाच, मित्राच्या तोंडून नको.

लगेजचं म्हणशील तर कापडी कव्हरमध्ये अजिबात टाकू नकोस. हार्ड केस, आत मानेखाली आणि हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या डोक्याच्या) दोन्ही बाजूंना मऊ कपडे कोंबलेले, तारा एखाद-दोन स्वर उतरवलेल्या. गिटार तुटते ती बहुतेक वेळा हेडस्टॉकच्या सांध्यात. ट्यूनरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत.

खरी काळजी मात्र पोचल्यानंतरची आहे, हे कुणी सांगत नाही. दमट घरात वर्षानुवर्षं राहिलेलं लाकूड एकदम हीटरच्या कोरड्या खोलीत गेलं की आकसतं. पहिली खूण अशी की फिंगरबोर्डच्या कडेवरून बोट फिरवलंस तर फ्रेटची, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं टोचायला लागतात, कारण लाकूड आत गेलं आणि धातू आहे तिथेच राहिला. तिथे सावध झालास तर वाचलास, पुढची पायरी म्हणजे वरच्या फळीला चीर. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये ठेव, केसमध्ये छोटा आर्द्रतामापक आणि ओला स्पंज असलेली डबी मिळते ती घे, आणि गिटार हीटरपाशी भिंतीवर टांगून शोभा करू नकोस.

प्रश्न : माझा मुलगा परदेशातून सुट्टीला आलाय. दिवसभर आम्हाला शिकवतो, प्लॅस्टिक आणू नका, एसी लावू नका, हे का घेतलं, ते का फेकलं. रात्री बारा वाजता मात्र स्पीकर लावून मित्रांबरोबर गाणी करत बसतो. काही बोललं की म्हणतो तुम्हाला क्लायमेटचं काही पडलेलं नाही. थोड्या दिवसांसाठी आलाय म्हणून आम्ही गप्प बसतो. काय करावं? – एक आई

उत्तर : गप्प कशाला बसता? पाहुणा नाहीये तो. त्याला म्हणा, तुझं म्हणणं मान्य, आता घराची तीन महिन्यांची विजेची बिलं काढ, कशाला किती युनिट जातात ते मांड, आणि यादीत जे सगळ्यात वर येईल त्याच्यावरच फक्त आपण बोलू. बाकीच्यावर भाषण बंद. बघा, फ्रिजचं आणि एसीच्या खोलीचं दार नीट लावण्यापलीकडे तो फारसं काही म्हणणार नाही, आणि त्याचं खरं असेल तिथे तुम्हीही ऐका, पोरं अगदीच उगाच बोलत नाहीत. गोंगाटही प्रदूषणातच मोजतात हे त्याला शिकवलं असेलच, नसेल तर माझं नाव सांगा. दहानंतर हेडफोन.

प्रश्न : ताई, कॉलेजच्या वेळचा आमचा बँड आहे, आम्ही सगळे वेगवेगळ्या देशांत शिकतोय आणि उन्हाळ्यात एकत्र येतो. या वेळी एक छोटा 'ग्रीन' कॉन्सर्ट करायचाय, शंभरेक लोक. सोलर पॅनल भाड्याने घ्यायचा विचार आहे, पोस्टर बियांच्या कागदावर छापायचं, कप कागदी. अजून काय करता येईल?

उत्तर : अजून काही करायच्या आधी, जे ठरवलंय त्यातलं निम्मं काढून टाका. तुमच्या दोन अँप, मिक्सर, स्पीकर सगळं धरून समजा सरासरी ३०० वॅट खातंय, तीन तास वाजवलंत तर एक युनिटही होत नाही. त्याची वीज अगदी कोळशावरची असली तरी किलोभर कार्बन. आता समजा तुमच्या शंभरातले तीस जण एकेकटे गाडी घेऊन आले आणि प्रत्येकाने जाऊन-येऊन एक लिटर पेट्रोल जाळलं. लिटरमागे २.३ किलो, म्हणजे सत्तर किलोच्या आसपास. सोलर पॅनल घेऊन येणारा टेम्पोच तुमच्या अख्ख्या कार्यक्रमाच्या विजेपेक्षा जास्त धूर सोडेल!

मोठ्या कार्यक्रमांचंही तेच असतं, सगळ्यात मोठा वाटा लोकांच्या येण्याजाण्याचा. ब्रिटनच्या मॅसिव्ह अटॅक बँडने मँचेस्टर विद्यापीठातल्या टिंडल सेंटर या हवामानबदल संशोधन केंद्राकडून आधी हा अभ्यास करून घेतला आणि मग २५ ऑगस्ट २०२४ ला ब्रिस्टलमध्ये तसा कार्यक्रम करून दाखवला. डिझेल जनरेटर नाही, सगळं बॅटऱ्यांवर, पण मला जास्त आवडलं ते हे की लोकांसाठी पार्किंगच ठेवलं नाही, आसपासच्यांना तिकिटं आधी दिली आणि रात्री परतायला जादा ट्रेनची सोय केली. कोल्डप्लेने २०१९ मध्ये दौरे थांबवले होते, २०२२ मध्ये परत सुरू केले, नाचलं की वीज तयार करणारी फरशी वगैरे घेऊन, आणि २०२४ मध्ये सांगितलं की त्यांचं दर कार्यक्रमामागचं थेट उत्सर्जन आधीच्या दौऱ्यापेक्षा ५९ टक्क्यांनी उतरलं. चांगलंच आहे. फरशीचे फोटो सगळीकडे आले, ट्रकांच्या आणि विमानांच्या हिशोबाचे कुठे येतात.

तुमच्यापुरतं : जागा अशी निवडा की बहुतेकांना चालत किंवा बसने येता येईल, कार्यक्रम शेवटच्या बसच्या आधी संपवा (हे सगळ्यात महत्त्वाचं आणि बँडवाले हेच पाळत नाहीत), गाडीने येणारच असतील त्यांना चौघांनी मिळून यायला सांगा. पोस्टर छापूच नका, मेसेज पाठवा. कागदी कपांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो, त्यापेक्षा लोकांना बाटली आणायला सांगा आणि पाण्याचा पिंप ठेवा. माइक-स्पीकर विकत न घेता ओळखीत मागा. आणि 'ग्रीन' हा शब्द पोस्टरवरून, म्हणजे मेसेजमधून, काढा. गाणी चांगली बसवा, लोक गाण्यासाठी येतात.

प्रश्न : मी गाणी स्ट्रीम करून ऐकते. मैत्रीण म्हणते व्हिनाइल रेकॉर्ड घे, ते जास्त सस्टेनेबल. ती हल्ली जुनी रेकॉर्ड जमवते.

उत्तर : मैत्रिणीला रेकॉर्डचा नाद लागलाय आणि ती कारण शोधतेय, एवढंच. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, पेट्रोलियमपासून बनलेलं. ग्लासगो आणि ऑस्लो विद्यापीठांनी २०१९ मध्ये अमेरिकेचा हिशोब मांडला होता, १९७७ मध्ये संगीतासाठी ५.८ कोटी किलो प्लॅस्टिक लागायचं, २०१६ मध्ये ते ८० लाख किलोवर आलं. पण त्याच काळात हरितगृह वायू १४ कोटी किलोंवरून २० ते ३५ कोटींच्या घरात गेले, कारण आता गाणी साठवायला आणि पाठवायला वीज लागते. हे अख्ख्या देशाचं आहे, माणशी फार थोडं येतं. जे गाणं परत परत ऐकतेस ते डाउनलोड करून ठेव, गाणं नुसतं ऐकायचं असेल तेव्हा व्हिडिओ लावू नकोस, आणि फोन दोन वर्षांनी बदलतेस तो चार वर्षं वापर, कारण फोनचं बहुतेक प्रदूषण तो बनतानाच झालेलं असतं. मैत्रिणीची जुनी सेकंडहँड रेकॉर्ड असतील तर तिलाही काही बोलू नकोस, ती बनून कधीच गेलीयत.

प्रश्न : सुट्टीत घरी आल्यापासून व्हायोलिनचा रियाज बंदच पडलाय. घरात सतत कुणीतरी असतं, वाजवायला घेतलं की 'ते अमकं वाजव ना' सुरू होतं, परीक्षा तर परत गेल्यावर लगेच आहे.

उत्तर : रियाज आणि वाजवून दाखवणं घरच्यांसाठी वेगळं करून टाक. ब्रिजवर (तारा टेकतात त्या घोडीवर) बसवायचा जाड रबरी प्रॅक्टिस म्यूट घे, छोटासा असतो, आवाज बंद दाराबाहेर जेमतेम जातो. तो लावून सकाळी सगळे उठायच्या आत लांब बो, स्केल आणि परीक्षेतले अवघड तुकडे उरकून घे, पण रोज शेवटची थोडी मिनिटं म्यूट काढून वाजव, नाहीतर हात दाबून वाजवायला शिकतो आणि परीक्षेत टोन खरखरीत येतो. आणि संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसून ते म्हणतील ते वाजव. तेव्हा स्केल नको, सरावाचे एटूड नको, फर्माईश.